शीर फुगलेली आहे, बुजलेली नाही

वाचकाचं पत्र: "माझे बाबा 68 वर्षांचे आहेत. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार) त्यांना 14 महिन्यांपासून ॲमिओडॅरोन 200 मिलिग्रॅमची रोज एक गोळी चालू आहे. सोबत रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन 40 आणि लघवीची एक गोळी. दोन महिन्यांपासून संध्याकाळी पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, उजव्या बरगडीखाली जड वाटतं. रक्त तपासलं तर एसजीपीटी 104, एसजीओटी 88 (लॅबची मर्यादा दोन्हींना 40), बिलिरुबिन 1.4, अल्ब्युमिन 3.8 आणि आयएनआर 3.4. सोनोग्राफीत लिहिलंय : यकृत किंचित मोठं, हिपॅटिक व्हेन्स फुगलेल्या, आयव्हीसी 24 मिमी. ॲमिओडॅरोन घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या शिरा बंद पडण्याचा आजार नोंदवला गेलाय असं वाचनात आलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. एका परिचितांनी लिव्हरसाठी वनस्पतींची पावडर दिली, ती आठ दिवसांपासून बाबा घेताहेत. गोळी आजच बंद करू का?"

ताई, गोळी स्वतःहून बंद करू नका. पावडर मात्र आजच बंद करा. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, 3.4 आलाय हे वॉरफरिन ठरवणाऱ्या डॉक्टरांना आजच फोनवर कळवा, कारण या आजारात तो साधारण 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. आणि सगळे रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. यकृताच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडे का, ते नीट सांगतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी ओळ सोनोग्राफीची आहे आणि ती तुमच्या भीतीच्या अगदी उलट दिशेला बोट दाखवते आहे.

यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. ते बाहेर पडतं तीन मोठ्या शिरांमधून : उजवी, मधली, डावी. या तिन्ही मिळून हिपॅटिक व्हेन्स. त्या ज्या मोठ्या नीलेला मिळतात ती इन्फिरिअर व्हेना केव्हा, रिपोर्टवरची आयव्हीसी. तिथून हृदयाचा उजवा कप्पा जेमतेम काही सेंटिमीटरवर असतो आणि मध्ये अडवणारी झडप नसते. त्यामुळे उजव्या कप्प्यात दाब वाढला की तो तसाच्या तसा मागे यकृतात येतो. शिरा फुगतात, यकृत रक्ताने भरून जड होतं, त्यावरचं आवरण ताणलं जातं आणि बरगडीखाली ते जडपण जाणवतं. आयव्हीसी 21 मिमीपेक्षा रुंद असेल आणि जोराने नाकातून श्वास ओढल्यावर निम्म्यानेही आकसत नसेल, तर उजव्या कप्प्यातला दाब वाढलाय असं इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे डॉक्टर धरतात. तुमच्या बाबांची 24 आहे. ती आकसते की नाही हे रिपोर्टमध्ये नाही, ते विचारून घ्या.

शिरा बंद पडण्याचे आजार दोन. पहिला बड-किआरी. जॉर्ज बड यांनी 1845 मध्ये आणि हान्स किआरी यांनी 1899 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यात त्या तीन मोठ्या शिरांमध्ये किंवा आयव्हीसीच्या वरच्या भागात गुठळी होते. सोनोग्राफीवर शिरा अरुंद दिसतात, दोरीसारख्या दिसतात किंवा सापडतच नाहीत. यकृताचा मागचा छोटा भाग, कॉडेट लोब, आपलं रक्त थेट आयव्हीसीत सोडतो म्हणून तो वाचतो आणि मोठा होत जातो. दुसरा आजार व्हेनो-ऑक्लुझिव्ह डिसीज, ज्याला आता सायनुसॉइडल ऑब्स्ट्रक्शन सिंड्रोम म्हणतात. यात मोठ्या शिरा मोकळ्या असतात. बिघाड होतो तो यकृताच्या आतल्या केसाहून बारीक वाहिन्यांमध्ये. त्यांचं आतलं अस्तर सोलवटून निघतं आणि वाट बुजते. दोन्हींत मोठ्या हिपॅटिक व्हेन्स टम्म फुगलेल्या दिसणं हे नेहमीचं चित्र नव्हे. बाबांच्या शिरा फुगलेल्या आहेत. अडथळा यकृताच्या पुढे, म्हणजे हृदयाच्या बाजूला आहे असं ते सांगतं.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. आयव्हीसी यकृताच्या वर, हृदयाला मिळण्याआधी अडली असेल, तर हिपॅटिक व्हेन्स फुगू शकतात. हृदयाभोवतीचं आवरण कडक झालं असेल तरीही. म्हणून साध्या सोनोग्राफीवर न थांबता डॉपलर (शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) करायचा आणि "आयव्हीसी हृदयापर्यंत मोकळी दिसते का" हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा. प्रश्न लिहिलेला असला की करणारा तेवढी जागा निगुतीने पाहतो. "लिव्हर डॉपलर" एवढंच लिहून गेलं तर बरेचदा पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) पाहून रिपोर्ट संपतो. डॉपलरमध्ये हिपॅटिक व्हेनची लाट कशी आहे, हेही लिहायला सांगा. निरोगी माणसात ती हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढे-मागे होते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नसल्यामुळे त्यातली मागे जाणारी एक छोटी लाट गायब होते. याला यकृताचा आजार समजू नये. ट्रायकस्पिड झडप जास्त गळत असेल तर प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्त उलटं यकृतात फेकलं जाताना दिसतं. ते दिसलं तर अर्धं उत्तर मिळालंच.

आता तुम्ही वाचलेल्या नोंदीबद्दल. औषधांचे संशयित दुष्परिणाम गोळा करणाऱ्या मोठ्या नोंदवह्या असतात. अमेरिकेच्या एफडीएची एक आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाची दुसरी, जी स्वीडनमधल्या उप्साला इथून चालते. एखादा रुग्ण कुठलंही औषध घेत असताना काही घडलं, तर डॉक्टर, रुग्ण किंवा कंपनी ती घटना कळवते. औषधामुळेच ती घडली, हे सिद्ध करावं लागत नाही. एका रुग्णाच्या नोंदीत दहा-बारा औषधंही असू शकतात. शिवाय ते औषध एकूण किती लोकांनी घेतलं हा आकडा तिथे नसतो, त्यामुळे "इतक्यांना झालं" यावरून धोका किती ते काढता येत नाही. या नोंदवह्यांचं काम नवा धोका लवकर हुंगून काढणं हे आहे आणि ते मोलाचं आहे. पण अशी नोंद पाहून आपल्या माणसाच्या गोळीचा निर्णय घेता येत नाही.

ॲमिओडॅरोन आणि शिरांचा आजार या जोडीत तर गफलतीला सरळ वाट आहे. व्हेनो-ऑक्लुझिव्ह डिसीज सर्वांत जास्त दिसतो तो बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी दिलेल्या जबर केमोथेरपीनंतर, विशेषतः बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइडनंतर. ऑक्सॅलिप्लाटिन, डॅक्टिनोमायसिन, थायोग्वानिन, अझाथायोप्रिन, रक्ताच्या कर्करोगावरची जेमटुझुमॅब आणि इनोटुझुमॅब ही औषधंही त्याला कारण ठरतात. असे रुग्ण अत्यंत आजारी असतात, त्यांचे ठोके बिघडतात आणि ठोक्यांसाठी त्यांना ॲमिओडॅरोन दिलं जातं. मग शिरांचा आजार आणि ॲमिओडॅरोन एकाच कागदावर येतात. बाबांना केमोथेरपी झालेली नाही असं पत्रावरून दिसतं. झाली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. ट्रान्सप्लांटनंतर हा आजार ओळखायचे जे जुने बाल्टिमोर निकष आहेत, त्यात 21 दिवसांच्या आत बिलिरुबिन 2 किंवा जास्त लागतं आणि सोबत तीनपैकी दोन गोष्टी : दुखणारं मोठं यकृत, पोटात पाणी, वजनात 5 टक्के वाढ. बाबांचं बिलिरुबिन 1.4 आहे, दुखणं दोन महिन्यांचं आहे. चित्र जुळत नाही.

पण शिरांचा आजार घडवणारं आणखी एक मोठं कारण आहे आणि तेवढ्यासाठी पावडर बंद करायला सांगितलं. काही वनस्पतींमध्ये पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. सेनेसिओ, क्रोटालारिया, हेलिओट्रोपियम, कॉम्फ्री ही त्यांतली ओळखीची नावं. यकृत त्यांचं रूपांतर जहाल पदार्थात करतं आणि तो नेमका त्या बारीक वाहिन्यांचं अस्तर जाळतो. तुमच्या पावडरीत ही आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण घटकांची खात्रीलायक यादी नसलेली कुठलीही पावडर या घडीला बाबांच्या पोटात जायला नको. ती फेकू मात्र नका. डबा, त्यावरची चिठ्ठी आणि किती दिवस किती चमचे घेतली हे लिहून डॉक्टरांकडे न्या. शिवाय अनेक वनस्पती वॉरफरिनचा परिणाम वाढवतात किंवा घटवतात, त्यामुळे 3.4 च्या आयएनआरमध्ये तिचाही हात असू शकतो.

म्हणजे ॲमिओडॅरोन निर्दोष आहे का? मुळीच नाही. यकृताला त्रास देणाऱ्या हृदयाच्या औषधांमध्ये त्याचं नाव वरच आहे आणि वेष्टनावरच्या ठळक इशाऱ्यात फुप्फुसांबरोबर यकृताचाही उल्लेख आहे. फक्त त्याची मारण्याची जागा वेगळी. ते चरबीत विरघळणारं औषध आहे आणि यकृताच्या पेशींत साठत जातं. पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांमध्ये ते फॉस्फोलिपिड मोडू देत नाही. त्यामुळे त्या पिशव्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांनी भरतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते थर स्पष्ट दिसतात. पण ते दिसले म्हणजे इजा झालीच असं नाही, औषध पोहोचलंय एवढंच कळतं. खरी इजा होते ती पेशीच्या ऊर्जाकेंद्रांना, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांना. चरबी जळत नाही, साठते, सूज येते आणि वर्षानुवर्षं चालू राहिलं तर यकृत कडक होत सिरॉसिसपर्यंत जातं. बायोप्सीत हे चित्र दारूने खराब झालेल्या यकृतासारखं दिसतं, अगदी आयुष्यात थेंबही न घेतलेल्या माणसात. सिरॉसिस झाला की पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो, पोटात पाणी होतं. यकृताच्या रक्तवाहिन्यांवर ॲमिओडॅरोनचा परिणाम मुख्यतः असा, पेशींच्या मार्गाने होतो.

दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्यांपैकी साधारण 15 ते 50 टक्के लोकांच्या यकृताच्या एन्झाइम्समध्ये (एसजीपीटी, एसजीओटी) कधी ना कधी वाढ दिसते. खरोखर लक्षणं देणारा यकृताचा आजार 1 ते 3 टक्क्यांच्या आसपास होतो. म्हणून आकडा वाढला की घाबरण्यापेक्षा रेषा माहीत असलेली बरी. नेहमीचा नियम असा आहे : एन्झाइम्स मर्यादेच्या तिपटीच्या वर गेले, किंवा सुरुवातीलाच वाढलेले होते आणि त्याच्या दुप्पट झाले, तर डोस कमी करायचा किंवा औषध थांबवायचा विचार करायचा. तुमच्या लॅबची मर्यादा 40, म्हणजे रेषा 120 ला. बाबा 104 वर आहेत, रेषेच्या आत पण जवळ. या एका आकड्यापेक्षा आधीचे आकडे जास्त सांगतील. गोळी सुरू होण्यापूर्वीची आणि सहा महिन्यांपूर्वीची लिव्हर फंक्शन टेस्ट शोधून काढा. तेव्हा 35, मग 60, आता 104 असेल तर औषधावरचा संशय बळावतो. दहा महिने 35 ते 40 आणि पाय सुजायला लागल्यावर एकदम 104 असेल तर हृदयाकडे पारडं झुकतं. गोळीच्या आधीची टेस्ट झालेलीच नसेल, तर तेही मोकळेपणाने विचारा. ही गोळी सुरू करताना यकृत, थायरॉइड, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी करून ठेवायचे असतात आणि पुढे यकृत व टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर सहा महिन्यांनी.

हृदयामुळे यकृत तुंबतं तेव्हा आकडे कसे दिसतात? एन्झाइम्स थोडेच वाढतात, बिलिरुबिन 1 ते 3 च्या दरम्यान चढतं, जीजीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये हे शेवटचे दोन नाहीत. पुढच्या तपासणीत घ्या. हृदयाने अचानक दगा दिला, रक्तदाब पार खाली गेला, तर मात्र एसजीओटी-एसजीपीटी हजारांत जातात आणि हृदय सावरलं की आठ-दहा दिवसांत भराभर उतरतात. ॲमिओडॅरोन शिरेतून दिल्यावर पहिल्या दिवसा-दोन दिवसांतही अशी उसळी येऊ शकते. तिथे त्या इंजेक्शनमधल्या पॉलिसॉर्बेट 80 या द्रावकावरही संशय घेतला जातो आणि त्यानंतर गोळी सुखरूप सोसलेले रुग्ण आहेत. बाबांना रुग्णालयात कधी इंजेक्शन दिलं होतं का, हे सांगता आलं तर बरं.

तपासण्यांचा क्रम आम्ही असा ठेवू. आधी इको : उजव्या बाजूचा दाब, ट्रायकस्पिड झडप, डाव्या कप्प्याची ताकद. सोबत एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी, जी हृदयावरचा ताण दाखवते. मात्र फिब्रिलेशनमध्ये ती एरवीही थोडी वाढलेली असते. त्याच रक्तात टीएसएच आणि फ्री टी4. याकडे दुर्लक्ष करू नका. ॲमिओडॅरोनच्या वजनाचा सुमारे 37 टक्के भाग आयोडीन असतो, त्यामुळे थायरॉइड मंदही होतो आणि बेफामही. बेफाम झाला तर ठोके पुन्हा बिघडतात, हृदय थकतं, पाय सुजतात, एन्झाइम्स वाढतात आणि वॉरफरिनचा परिणाम वाढून आयएनआर चढतो. बाबांची सगळी लक्षणं या एकाच कारणात बसू शकतात, इतकं ते महत्त्वाचं आहे. मग डॉपलर. मग हिपॅटायटिस बी आणि सी. सी निघाला तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : त्यावरचं सोफोस्बुविर हे औषध ॲमिओडॅरोनसोबत घेतल्यास ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. 2015 मध्ये एफडीएने तसा इशारा दिला आहे.

धाप फक्त हृदयाची समजून सोडू नका. ॲमिओडॅरोन फुप्फुसांनाही सुजवतं, कोरडा खोकला आणि धाप आणतं. छातीचा ताजा एक्स-रे आणि श्वासाच्या चाचणीतला डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती सहज जातो) हा आकडा मागा.

फायब्रोस्कॅन सुचवला जाईल. तो आत्ता करू नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. तो यकृताचा कडकपणा मोजतो आणि रक्ताने तुंबलेलं यकृत नुसत्या दाबानेच कडक लागतं. आज केला तर भलताच मोठा आकडा येईल आणि तुमची उरलीसुरली झोपही जाईल. पायांची सूज उतरल्यावर करायचा. सीटी स्कॅन झाला आणि त्यात यकृत नेहमीपेक्षा पांढरं दिसतं असं लिहून आलं, तर दचकू नका. साठलेल्या आयोडीनमुळे तसं दिसतं. ते औषधाच्या साठ्याचं चिन्ह आहे, इजेचं मोजमाप नव्हे.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर मानेच्या शिरेतून यकृतापर्यंत नळी घालून बायोप्सी करतात. वॉरफरिनवर असलेल्या माणसाला पोटाच्या बाहेरून सुई घालण्यापेक्षा ही वाट बरी, कारण रक्त आलं तरी ते शिरेतच राहतं. याच नळीने दाबही मोजता येतो. यकृतातल्या दाबातून बाहेरच्या शिरेतला दाब वजा केला की उरणारा फरक 5 पर्यंत असणं सर्वसाधारण. हृदयामुळे तुंबलेल्या यकृतात दोन्ही दाब चढलेले असतात, पण फरक तेवढाच राहतो. बारीक वाहिन्या बुजल्या असतील तर फरक 10 च्या वर जातो. तुमच्या भीतीला याहून थेट उत्तर देणारी तपासणी नाही, पण बाबांना तिथवर जावं लागेल असं आजच्या आकड्यांवरून वाटत नाही.

गोळी एकदम थांबवू नका म्हणतो त्याची कारणं दोन. एक, ठोके पुन्हा बिघडले तर आधीच तुंबलेलं यकृत आणखी तुंबेल. दुसरं, आज थांबवून उद्या फरक पडणार नाही. या औषधाचं शरीरातलं अर्धं प्रमाण उतरायला सरासरी 58 दिवस लागतात, कुणात 15, कुणात 142. बाबांनी 14 महिन्यांत सुमारे 85 ग्रॅम औषध घेतलंय आणि त्यातला मोठा वाटा चरबीत, यकृतात, फुप्फुसांत बसलेला आहे. थांबवल्यावरही एन्झाइम्स काही आठवडे वर राहू शकतात आणि "बंद करूनही कमी होत नाही" म्हणून लोक उगाच हवालदिल होतात. डॉक्टरांनी थांबवायचं ठरवलं, तर वॉरफरिनवर नजर ठेवावी लागेल. ॲमिओडॅरोन वॉरफरिनचा विघटनमार्ग अडवतं, म्हणून ते चालू असताना वॉरफरिन तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी लागतं. ते जसजसं शरीरातून उतरेल तसतसा आयएनआर हळूहळू घसरेल, आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी. त्या काळात आयएनआर नेहमीपेक्षा जास्त वेळा करावा लागतो, नाहीतर बेसावधपणे रक्त घट्ट होऊन मेंदूत गुठळी जाण्याचा धोका. वॉरफरिन चालू असताना यकृताची ताकद आयएनआरवरून जोखता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. त्यासाठी अल्ब्युमिन पाहायचं. बाबांचं 3.8 चांगलं आहे.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाला अट आहे. ड्रोनेडॅरोनमध्ये आयोडीन नाही, पण 2011 मध्ये यकृत निकामी झाल्याच्या घटनांनंतर त्यावरही इशारा आला आणि हृदय कमकुवत होऊन पाणी साठत असेल तर ते देत नाहीत. सोटॅलॉल यकृतावर विसंबत नाही, मूत्रपिंडातून जातं, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि ईसीजीवरचं क्यूटी हे अंतर पाहावं लागतं. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन हृदयाची रचना बिघडलेली असेल तर टाळतात. म्हणूनच इको आधी आणि गोळी बदलणं नंतर.

सिम्व्हास्टॅटिन 40 ही तुमच्या यादीतली सरळ चूक आहे. ॲमिओडॅरोनसोबत ती 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. दोन्ही मिळून स्नायू झिजवू शकतात आणि झिजलेल्या स्नायूतून एसजीओटी रक्तात येतं, ज्याचं खापर यकृतावर फुटतं. मांड्या-दंड दुखतात का, लघवी गडद तांबूस होते का, हे बाबांना विचारा आणि रक्तात सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी) करून घ्या. लघवी तशी गडद असेल तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या, प्रावास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनसारखे पर्याय आहेत. ग्रेपफ्रूटचा रस ॲमिओडॅरोन आणि सिम्व्हास्टॅटिन या दोन्ही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो, तो पूर्ण बंद. दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका : पाणी साठवतात, वॉरफरिनवर रक्तस्राव घडवतात. पॅरासिटामॉल लागलंच तर दिवसाला एकूण 2 ग्रॅमच्या आत आणि रोज नको. रोज लागलं तर आयएनआर वाढतो. मद्य असेल तर शून्य.

घरी एक वजनकाटा आणि एक वही ठेवा. रोज सकाळी, लघवी-शौच झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच कपड्यांत वजन लिहा. त्याखाली मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजलेले ठोके. फिब्रिलेशनमध्ये 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा चुकतो. तीन दिवसांत 2 किलोहून जास्त वजन वाढलं तर ते पाणीच असतं, फोन करा. लघवीच्या गोळीचा डोस आपणहून वाढवू नका, कारण पोटॅशियम खाली गेलं की ॲमिओडॅरोनवर असलेल्या हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पुढच्या तपासणीत असलेच पाहिजेत.

डोळे पिवळे झाले, दोन-तीन दिवसांत पोट फुगून घट्ट झालं, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, बाबा बरळायला लागले किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग असा उलटा फेरा सुरू झाला, ठोके 50 च्या खाली जाऊन चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर भेटीची वेळ पाहू नका, थेट तातडीच्या विभागात न्या. तिथे पहिल्या वाक्यात सांगा : "ॲमिओडॅरोन आणि वॉरफरिन चालू आहे."

पोटात पाणी झालंच आणि ते तपासायला काढलं, तर त्यातलं अल्ब्युमिन आणि एकूण प्रोटीन दोन्ही मोजायला सांगा आणि त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिनही. रक्त आणि पाणी यांच्या अल्ब्युमिनमधला फरक 1.1 किंवा जास्त असेल तर पाणी दाबामुळे आलेलं आहे. मग एकूण प्रोटीन 2.5 च्या वर असेल तर हृदय किंवा मोठ्या शिरा, खाली असेल तर सिरॉसिस, असा ढोबळ कौल मिळतो.

भेटीच्या वेळी डॉक्टर बाबांना अर्धवट उठवून झोपवतील आणि उजव्या बरगडीखाली तळहात ठेवून हलका दाब देतील. त्या वेळी बाबांच्या मानेकडे पाहा. दाब असेपर्यंत मानेची शीर वर चढून फुगलेलीच राहिली, तर यकृतातलं रक्त पुढे घ्यायला हृदयाला जागा नाही, हे तुम्हाला तिथेच, डोळ्यांसमोर दिसेल. तसं दिसलं तर उपचार सुरू होईल तो पाणी उतरवण्याचा. दोन ते चार आठवड्यांनी, सूज गेल्यावर, त्याच लॅबमध्ये एन्झाइम्स पुन्हा करा. 104 चे 50-60 झाले तर दोष बहुतेक तुंबलेल्या यकृताचा होता. सूज जाऊनही आकडा तिथेच राहिला किंवा 120 ओलांडला, तर ॲमिओडॅरोन कमी करायचं की सोडायचं हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञ आणि यकृततज्ज्ञ या दोघांसमोर एकत्र ठेवा आणि तुमची वही त्या टेबलावर असू द्या.